अवतरणचिन्हं पुरत नाहीत

शेल म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्या स्क्रिप्टमध्ये स्पेस असलेल्या फाइलच्या नावाचे तुकडे होतात. त्यावर ‘व्हेरिएबलला (नाव साठवणाऱ्या खुणेला) दुहेरी अवतरणचिन्हं लावा, विषय संपला’ असं सांगतात ते निम्मं खरं. फॉर लूपला (एकेक नाव घेऊन त्याच ओळी पुन्हा चालवणाऱ्या रचनेला) एलएसचं, म्हणजे फाइलींची यादी देणाऱ्या कमांडचं, आउटपुट दिलं असेल, तर नावाचे तुकडे लूपच्या दारातच पडतात. आत अवतरणचिन्हं लावून काय उपयोग? तिथे एलएस काढून नुसता तारा (*) लिहा, त्याच्या जागी शेल स्वतःच फाइलींची नावं भरतं. ताऱ्यातून आलेल्या नावांना शेल पुन्हा तोडत नाही, स्पेस असो वा टॅब.

मी हे पोळून शिकलो. जुनी फोल्डर उडवायला चार ओळींची स्क्रिप्ट होती, त्यात आरएम (उडवण्याची कमांड) आणि मायनस आर (फोल्डर आतल्या सगळ्यासकट). ‘हिशेब जुना’ असं फोल्डर होतं आणि शेजारी चालू वर्षाचं नुसतं ‘हिशेब’. स्पेसपाशी नाव तुटून आरएमला दोन वेगळी नावं मिळाली: ‘जुना’ सापडलं नाही म्हणून कुरकुर केली, पण ‘हिशेब’ बिनबोभाट गेलं. जे उडवायचं होतं ते मात्र जागच्या जागी!

सबफोल्डरमध्येही शोधायचं असेल तर फाइंडला (फाइली शोधणाऱ्या कमांडला) प्रिंट-झीरो आणि एक्सआर्ग्जला (ती नावं दुसऱ्या कमांडला देणाऱ्या कमांडला) मायनस झीरो; मग नावांमध्ये नल बाइट, म्हणजे शून्य किमतीचा बाइट, येतो. युनिक्समध्ये फाइलच्या नावात स्लॅश आणि नल बाइट सोडून काहीही चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. म्हणून नावं वेगळी करायला नलच भरवशाचा. हे दोन्ही पर्याय 2024 च्या पॉझिक्समध्ये (युनिक्सच्या मानकात) अधिकृतपणे आलेत, त्यामुळे ‘हे फक्त ग्नूचं’ (लिनक्सवर मिळणाऱ्या कमांड-संचाचं) ही तक्रारही आता जुनी झाली. आणि झेडशेलवर चाललेली स्क्रिप्ट बॅश या दुसऱ्या शेलवर तशीच नेऊ नका. झेडशेल अवतरणचिन्हांशिवायही व्हेरिएबल तोडत नाही, त्यामुळे चूक तिथे दिसतच नाही.