सांगलीच्या पुरावरची कालप्रवासाची मालिका: २००५ आणि २०१९ चं गणित कुठे तुटतं?

कृष्णाकाठ_लेखन

नमस्कार मंडळी. आठ भागांची मालिका लिहायला घेतली आहे, भाग साधारण ४० मिनिटांचा, सगळं कथानक सांगलीतलं.

थोडक्यात असं. गौरी २०१९ ला २३ वर्षांची. २००५ च्या पुरात तिचे वडील गेले, तेव्हा ती ९ वर्षांची होती. आजोबांकडे, म्हणजे अण्णांकडे, एक वही आहे आणि तिच्यात २०१९ च्या पुराचे, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेले पाणीपातळीचे आकडे २००५ मध्येच लिहून ठेवलेले आहेत. ऑगस्ट २०१९ ला पाणी चढत असताना गौरी नदीकाठच्या माईघाटावरून २००५ मध्ये जाते, वडिलांना वाचवायचा प्रयत्न करते, वही अण्णांच्या हाती देते आणि परत येते. भाग ४ ते ६ मध्ये २०१९ चा एकच दिवस पुन्हा पुन्हा घडतो, दर फेरीला ती काही ना काही बदलते. शेवटचा भाग २०२१ च्या पुरात.

अडचणी तीन. वडील वाचले तर गौरी मागे जाईलच कशाला? वही मुळात लिहिली कोणी? आणि दिवस पुन्हा घडतो तेव्हा आठवण कुणाला राहते? कलाकार ठरायच्या आधी हे पक्कं करायचं आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

पटकथा_सातारा

तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ एक आहे. एका मालिकेत तुम्ही काळाचे दोन नियम वापरताय. वहीचा धागा सांगतो की जे घडलं तेच घडणार, गौरीचं मागे जाणंसुद्धा आधीपासून इतिहासात आहे. वडिलांचा आणि पुन्हा घडणाऱ्या दिवसाचा धागा सांगतो की मागे जाऊन बदल केला की आधीचं पुसलं जातं. प्रेक्षकाला नियमाचं नाव माहीत नसेल, पण नियम मोडला की त्याला लगेच कळतं.

माझं मत: न बदलणारी एकच काळरेषा घ्या. तुमचा पूर खरा आहे. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं हे मारुती चौकातल्या कुणालाही विचारा. तो पूर आलाच नाही असं दाखवणारी मालिका सांगलीत कुणी मानणार नाही. तेव्हा बदलायचं असेल तर पाणी सोडा, माणसाला काय माहीत आहे ते बदला.

आता वडील. ते वाचले तर मागे जाण्याचं कारणच नाहीसं होतं, मग जाणं नाही, मग वाचवणंही नाही. आजोबांचा विरोधाभास म्हणतात (मागे जाऊन आजोबांनाच मारलं तर आपला जन्मच होत नाही, मग मारणार कोण?) तोच हा, फक्त इथे जन्माच्या जागी हेतू आहे. एकाच काळरेषेत ते वाचू शकत नाहीत, पण ते *का* गेले हे गौरीला १४ वर्षं चुकीचं माहीत असू शकतं. इथे तुमच्या मालिकेचा जीव आहे. भाग १ मध्ये ९ वर्षांच्या गौरीच्या नजरेतून दाखवा: वडील गच्चीवर सुखरूप पोचलेत, तेवढ्यात खाली हरभट रोडच्या बाजूने कुणा बाईची हाक येते आणि ते परत पाण्यात उतरतात. बाई दिसत नाही, फक्त आवाज. भाग ७ मध्ये तीच हाक २३ वर्षांच्या गौरीच्या तोंडून येते. त्यासाठी भाग १ मधला आवाजही मोठ्या गौरीच्या नटीचाच हवा, दुसऱ्या कुणाचा डब केलेला चालणार नाही. आवाज जुळवून बघणारे प्रेक्षक असतातच.

एक पथ्य पाळा. भाग १ मध्ये जे डोळ्यांनी दाखवलं ते नंतर खोटं पाडता येत नाही. जे कुणी नुसतं तोंडाने सांगितलं ते पाडता येतं. मृतदेह दाखवायचा की नाही हे आजच ठरवा. दाखवलात तर "वडील कुठेतरी जिवंत आहेत" हा रस्ता कायमचा बंद. माझ्या मते बंदच करावा. जिवंत ठेवले तर १४ वर्षं घरी का आले नाहीत याचं पटणारं कारण शोधण्यात दोन भाग खर्ची पडतील.

वही हा उगम नसलेल्या माहितीचा विरोधाभास: माहिती चक्रात फिरते, पण ती मुळात कुणीच शोधलेली नसते. ‘डार्क’ ही जर्मन मालिका (२०१७ ते २०२०, तीन पर्व, २६ भाग) अशाच गाठींवर उभी आहे. पाहिली नसेल तर पुढची तीन वाक्यं सोडा. तिथे २०१९ मधला मिकेल १९८६ मध्ये अडकतो, मोठा होतो आणि मालिकेचा नायक योनास याचा बाप होतो. शार्लोट आणि एलिझाबेथ तर एकमेकींची आईही आहेत आणि मुलगीही. ते पचतं, कारण पहिल्या भागापासून सगळं गाव त्याच नियमाने चालतं.

तुमच्याकडे याहून सोपी वाट आहे. आकड्यांना उगम द्या. गौरी २०१९ मध्ये पुलावरची पट्टी स्वतः वाचते, लक्षात ठेवते आणि २००५ मध्ये अण्णांना सांगते. अण्णा ते लिहून घेतात. म्हणजे माहिती नदीतून आली, हवेतून नाही. फक्त मागे जाण्यापूर्वी तिने अण्णांच्या वहीतले आकडे पाहिलेले नसावेत. वही तिला परतल्यानंतरच सापडू द्या.

भौतिकशास्त्र_मिरज

वरच्या उत्तरात एक भर, वस्तूबद्दल. तुमच्या मूळ आराखड्यात *तीच* वही फिरते: २००५ मध्ये गौरी देते, १४ वर्षं अण्णांच्या ट्रंकेत राहते, २०१९ मध्ये गौरीला मिळते, ती पुन्हा २००५ मध्ये नेते. मग वही दर फेरीला १४ वर्षांनी जुनी होत जाते, पण २००५ मधल्या त्या एका क्षणी तिची अवस्था एकच असायला हवी. कागद पिवळा पडणार, शाई फिकी होणार, कोपरे दुमडणार. हे जुळत नाही. माहिती चक्रात फिरू शकते, झिजणारी वस्तू फिरू शकत नाही. अण्णांनी २००५ मध्ये नवी कोरी वही घेऊन त्यात लिहिलं तर हा प्रश्नच उरत नाही.

एकाच काळरेषेला विज्ञानात आधार आहे. इगोर नोव्हिकोव्ह यांचं स्वसुसंगतीचं तत्त्व तेच म्हणतं. किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये बिलियर्डच्या चेंडूचं गणित मांडलं. चेंडू कृमिविवरातून (वर्महोल, म्हणजे अवकाश-काळातला आडमार्ग) भूतकाळात येतो आणि स्वतःलाच धडकतो. वाटतं असं की तो स्वतःला विवरात जाण्यापासून अडवेल. पण सुसंगत उत्तरही निघतं: धडक ओझरती बसते आणि त्या ओझरत्या धक्क्यानेच चेंडू विवरात ढकलला जातो. गौरीच्या हाकेचा प्रसंग नेमका या गणितासारखा आहे. अडवायला गेलेली तीच कारण ठरते.

गणपतीपेठ_वाचक

फांद्यांचा नियम का नको? मागे गेलं की नवी फांदी फुटते, जुनी तशीच राहते. एव्हरेटने १९५७ मध्ये मांडलेली अनेक विश्वांची कल्पना हाताशी आहे. नारळीकरांच्या गंगाधरपंतांना पानिपत जिंकलेल्या मराठ्यांचं जग दिसलं, तेही मराठी वाचकाने आनंदाने स्वीकारलंच की. गौरीने वडिलांना वाचवावं, पण दुसऱ्या फांदीतल्या छोट्या गौरीसाठी. स्वतः परत यावं ते वडील नसलेल्या घरात. मला हे जास्त भिडतं.

पटकथा_सातारा

@गणपतीपेठ_वाचक, भिडतं खरं, आणि वही नसती तर मीही तेच सुचवलं असतं. पण फांदी फुटली की गौरीने सांगितलेले आकडे *दुसऱ्या* अण्णांच्या वहीत गेले. मग *हिच्या* अण्णांना कुणी सांगितले? तिसऱ्या फांदीतल्या गौरीने. तिच्या अण्णांना चौथीने. ही साखळी संपत नाही आणि पडद्यावर समजावताही येत नाही. वही आणि फांद्या यांतलं एक सोडावं लागेल. वही सोडली तर २०१९ चा पूर २००५ शी जोडणारा दुवाच तुटतो.

कृष्णाकाठ_लेखन

एकच काळरेषा नक्की करतोय, हाकेसह. पण मग भाग ४ ते ६ चं काय? दिवस पुन्हा घडणं हाच मालिकेचा मधला भाग आहे, तो काढला तर पोकळी पडते. आणि २००५ उभं करताना कोणत्या वस्तूंवर लक्ष ठेवू?

कंटिन्युइटी_विश्रामबाग

काढू नका, नियम बदला. एकाच काळरेषेत "पहिली फेरी" असं काही नसतं, त्यामुळे दिवस बदलत जाऊ शकत नाही. पण तोच दिवस तीन जणांच्या बाजूने दाखवता येतो. भाग ४ गौरीच्या, भाग ५ अण्णांच्या, भाग ६ परत आलेल्या गौरीच्या. ही परतताना काही तास *आधी* पोचते, त्यामुळे त्या दिवशी गावात दोन गौरी आहेत. भाग ४ मध्ये न उलगडलेल्या गोष्टी, म्हणजे दार कुणी उघडं ठेवलं, नाव कुणी सोडली, भाग ६ मध्ये उलगडतात. आठवणीचा प्रश्नही मिटतो, कारण कुणाच्या आठवणी पुसल्याच जात नाहीत.

सामाईक प्रसंग एकाच दिवशी, सगळ्या कोनांतून चित्रित करा. संवाद एकदा कुलूपबंद केले की एक अक्षरही बदलायचं नाही. महिन्याभराने उरलेला कोन घ्यायला गेलात तर उजेड, केस, भिजलेल्या कपड्यांचे डाग, काहीच जुळत नाही. सीन क्रमांक १४, १४अ, १४आ असे ठेवा म्हणजे एडिटिंगला गोंधळ होत नाही.

पहिला ड्राफ्ट लिहितानाच तक्ता करा. दर सीनसमोर तारीख आणि वेळ, आयर्विनची पातळी फुटांत, हजर माणसं (गौरी कोणती, जाण्याआधीची की परतलेली), प्रत्येकाचं अंगचं वय (त्याने स्वतः जगलेला काळ धरून), त्याला त्या क्षणी काय माहीत आहे, आणि हातात काय आहे. "काय माहीत आहे" हा रकाना लोक गाळतात आणि नेमके तिथेच फसतात: एखादं पात्र दोन भागांनंतर कळणारी गोष्ट आत्ताच बोलून जातं. मग तक्ता दोनदा वाचा, एकदा तारखांच्या क्रमाने, एकदा प्रत्येक पात्राच्या स्वतःच्या आयुष्याच्या क्रमाने. दुसऱ्या वाचनात चुका सापडतात.

दोन गौरी एका चौकटीत हव्या असतील तर कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का, फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल. दोन शॉटची शिवण भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर पडू द्या, पाण्यावर कधीच नको. तरंग जुळत नाहीत. बाकी ठिकाणी पाठमोरी डबल, म्हणजे बदली नटी, पुरते.

२००५ साठी तपासायच्या वस्तू. नोटा सगळ्यात घातक. गौरीच्या पाकिटातली करडी ५०० ची नोट २०१६ नंतरची, २०० ची २०१७ ची, जांभळट १०० ची २०१८ ची. २००५ मध्ये एकही चालणार नाही. जुनी गांधी मालिकेतली १०० ची नोट चालेल असं वाटतं, पण मागच्या बाजूला खाली छपाईचं वर्ष असतं, ते पाहा. आणि २००५ च्या आधीची, वर्ष न छापलेली नोट घेऊन ती गेली तर तीच नोट त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या खिशातही आहे, एकाच क्रमांकाची. हा दोष नाही, वापरता आला तर अण्णांना खात्री पटवायला यासारखा पुरावा नाही.

₹ हे चिन्ह २०१० चं, त्यामुळे २००५ च्या दुकानात "रु." लिहा. टीव्हीवर २००५ ला ई टीव्ही मराठी. त्याचं कलर्स मराठी झालं २०१५ मध्ये. शिवशाही बस २०१७ नंतरची, रस्त्यावर लाल एसटीच हवी. गाड्यांना एमएच १० दोन्ही काळांत बरोबर, पण २०१९ च्या नव्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी येते, २००५ ला नाही. गौरीचा फोन २००५ मध्ये सुरू राहील, त्यातले फोटो दिसतील, पण तिच्या सिमची कंपनीकडे नोंदच नसल्याने फोन लागणार नाही. टाइप-सी चार्जर तर बाजारातच नाही. बॅटरी किती टक्के उरली हे तक्त्यात लिहा, आणि तेव्हाचं भारनियमन विसरू नका.

पूररेषा_हरिपूर

पाण्याबद्दल थोडं, कारण तेच तुमचं घड्याळ आहे.

आयर्विनला ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ आणि २०२१ चे पूर ५४-५५ फुटांच्या आसपास, २०१९ चा ५७ च्या वर. तासातासाचे आकडे मनाने घालू नका, त्या दिवसांची स्थानिक वर्तमानपत्रं काढून बसा. लाट आली आणि घर बुडालं असं इथे होत नाही. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत यायला साधारण दिवस-दीड दिवस जातो, हरिपूरला वारणा मिळते, आणि पाणी पायरी पायरीने चढतं. उतरतंही हळू. म्हणून एका सीनमध्ये गुडघाभर आणि तासाभराने छतापर्यंत असं दाखवलंत तर इथला माणूस टीव्ही बंद करेल. गावातला चढ-उतारही लक्षात ठेवा: मारुती चौकात गळाभर पाणी असताना विश्रामबागेत कोरडं असू शकतं.

सेटवर पाण्याची रेघ काढताना गवंड्याची लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) वापरा. सगळ्या खोल्यांत, जिन्यात, बाहेरच्या भिंतीवर एकाच पातळीच्या खुणा करून मग त्यावर पातळ चिखल स्पंजने लावा. नजरेच्या अंदाजाने काढलेली रेघ खोलीगणिक दोन-चार इंच खाली-वर होते आणि कट जोडला की उघडी पडते. २००५ ची रेघ २०१९ च्या सीनमध्ये पुसट दिसू द्या, नव्या रेघेच्या खाली. २०२१ ची त्या दोहोंच्या मध्ये येते.

आणि एक विनंती. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला नाव उलटली, त्यात माणसं गेली, त्यांची घरं इथेच आहेत. गौरीने "सोडलेली नाव" तुम्ही भाग ६ मध्ये घेणार असाल तर ती त्या घटनेशी कुठेही जुळणार नाही अशी तारीख आणि जागा निवडा. पुराचं कारणही कालप्रवासावर टाकू नका. पाऊस, धरणांचे विसर्ग आणि पूरपट्ट्यातली बांधकामं यांवरचा वाद अजून चालू आहे, तो कथेत आला तर येऊ द्या, पण एका मुलीच्या चक्राने पूर आला असं नको.

कृष्णाकाठ_लेखन

नाव काढली. भाग ६ मध्ये त्या जागी गच्चीवरून सोडलेला दोर घेतोय. भाग ४ मध्ये तो आधीच बांधलेला दिसेल, गाठ कुणी मारली ते कळणार नाही. तक्ता आजपासून सुरू, पातळीच्या रकान्यासह. @कंटिन्युइटी_विश्रामबाग, परतलेली गौरी २००५ मध्ये सहा दिवस राहिली असेल तर तिच्या अंगच्या वयात ते सहा दिवस धरायचे ना?

कंटिन्युइटी_विश्रामबाग

धरायचेच. सहा दिवसांची नखं, पुराच्या पाण्याने पायांच्या बोटांत पडलेल्या चिखल्या, उन्हाने रापलेला चेहरा. भाग ६ मध्ये दोन्ही गौरी समोरासमोर येतील तेव्हा ओळखायला हीच खूण ठेवा, वेगळ्या रंगाचा रेनकोट नको. रेनकोट अदलाबदल होऊ शकतो.