शब्दचर्चा: 'पेटंट औषध', कॉर्डियल, ग्रेन, पोटीस वगैरे

खलबत्ता:
व्हिक्टोरियन काळातल्या एका इंग्रजी घरगुती नोंदवहीचा मराठी अनुवाद चालू आहे. औषधांच्या पानांवर गाडी अडली आहे. 'पेटंट मेडिसिन'साठी परिभाषा कोशातला 'एकस्व' घेऊन 'एकस्व औषध' म्हणावं का? तान्ह्या मुलांना शांत ठेवायच्या 'गॉडफ्रीज कॉर्डियल'साठी 'बाळगुटी' सुचते आहे, लॉडनमसाठी 'अफूचा अर्क', ब्लू पिलसाठी 'निळी गोळी'. 'ग्रेन' या मापाला तूर्त 'गुंज' लावली आहे. पोल्टिसला 'लेप' चालेल ना?

कोशकिडा:
'एकस्व औषध' नको, अर्थ उलटा होतो. मुळात हे 'लेटर्स पेटंट' म्हणजे राजाची उघडी सनद. अँडरसनच्या स्कॉट्स पिल्सना दुसऱ्या जेम्सने १६८७ मध्ये अशी सनद दिली, तिथून हा शब्द औषधांना चिकटला. पुढे पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागे आणि १४ वर्षांनी हक्क संपे. कृती गुप्त ठेवण्यावरच ज्यांचा धंदा उभा, ते या वाटेला कशाला जातील? त्यांनी नाव, लेबल आणि बाटलीचा आकार सांभाळला. त्यामुळे व्हिक्टोरियन 'पेटंट औषध' बहुधा पेटंट नसलेलंच असतं. मराठीत 'पेटंट औषध' हेच ठेवा. 'त्याचं ते पेटंट उत्तर' असं आपण म्हणतोच, तिथेही कोणी नोंदणी क्रमांक विचारत नाही.

एकाच ठिकाणी 'एकस्व' लागेल. १८६८च्या फार्मसी कायद्याने विषांच्या विक्रीवर बंधनं घातली, पण 'पेटंट मेडिसिन' त्यातून वगळली. क्लोरोडाइनसारखी अफूयुक्त औषधं त्या आडोशाने वाण्याच्या दुकानातही विकली जात. १८९३च्या पायपर खटल्यात न्यायालयाने ठरवलं की कायद्यातला शब्द फक्त खरोखर सनद मिळालेल्या औषधांना लागू होतो. आडोसा गेला. त्या खटल्याचा उल्लेख वहीत असेल तरच 'एकस्वप्राप्त औषध' लिहा.

आपल्याकडच्या १९४० च्या औषध कायद्यातही 'पेटंट किंवा प्रोप्रायटरी मेडिसिन' ही संज्ञा आहे. आयुर्वेदिक बाटल्यांवर 'प्रोप्रायटरी' छापलेलं दिसतं ते त्यातूनच.

दीड पेनी:
किमतींचं भाषांतर करताना जपा. '१ शिलिंग १½ पेनी' हा आकडा वहीत वारंवार येईल. त्याला 'सव्वा शिलिंगाच्या आत' वगैरे गोल करू नका. १८१२च्या कायद्याप्रमाणे १ शिलिंगापर्यंतच्या औषधावर १½ पेनी मुद्रांक शुल्क होतं आणि २ शिलिंग ६ पेन्सपर्यंतच्यावर ३ पेन्स. म्हणून बाटल्यांच्या किमती १ शि. १½ पे., २ शि. ९ पे. अशा विचित्र दिसतात. तो वरचा तुकडा सरकारचा. झाकणावरून चिकटवलेली मुद्रांकाची पट्टी पाहून गिऱ्हाइकाला वाटायचं, सरकारनेच औषध पारखलं आहे. विक्रेते हा गैरसमज कशाला दूर करतील!

'स्टँप'ला इथे 'तिकीट' किंवा 'मुद्रांक' म्हणा. 'शिक्का' म्हटलं की मराठी वाचकही नेमका त्याच गैरसमजात पडेल.

आत काय असे? बीचमच्या गोळ्यांची जाहिरात 'डबीला गिनीचं मोल' अशी. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये पृथक्करण छापलं: कोरफडीचा बोळ, सुंठीची पूड आणि साबण. ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा.

तोळामासा:
गुंज ताबडतोब काढा. हिशेब असा: १ तोळा = १८० ग्रेन = १२ मासे = ९६ गुंजा. म्हणजे १ गुंज = १.८७५ ग्रेन, जवळजवळ दुप्पट. डोव्हर्स पावडर घ्या. १० ग्रेन पुडीत १ ग्रेन अफू, १ ग्रेन इपिकॅक (उलटी आणणारं एक मूळ) आणि ८ ग्रेन पोटॅशियम सल्फेट असे. १० ग्रेन म्हणजे साधारण ६५० मिलिग्रॅम, १० गुंजा म्हणजे १२०० च्या वर. अनुवादकाच्या एका शब्दाने अफू दुप्पट झाली. 'ग्रेन' तसाच ठेवा आणि पहिल्या वेळी '६५ मिलिग्रॅम' अशी टीप द्या. 'दाणा'ही नको, वाचक ज्वारी मोजायला बसेल.

'मिनिम'ला 'थेंब' म्हणण्यातही हीच गफलत होते. मिनिम हे ठरलेलं माप आहे, द्रव ड्रामचा ६०वा भाग. थेंब द्रवाप्रमाणे बदलतो. मद्यार्कातल्या टिंक्चरचा थेंब बारीक पडतो, लॉडनमच्या १ मिनिमला साधारण २ थेंब होतात. आणि त्या काळचा 'चमचाभर' म्हणजे १ द्रव ड्राम, साडेतीन मिलीच्या आसपास. आजचा ५ मिलीचा चमचा डोळ्यासमोर ठेवून वाचू नका.

शेपू:
'बाळगुटी' मुळीच नको. बाळगुटी म्हणजे हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग वगैरे सहाणेवर वेढे देऊन उगाळलेली. गॉडफ्रीज कॉर्डियलमध्ये काकवी, ससाफ्रासचं तेल आणि अफू असे. मराठीत त्याला जवळचा शब्द 'बाळगोळी' आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका मूल झोपून राहावं म्हणून ही अफूची गोळी देत. कारण तेच, घटक तोच. तरी कॉर्डियल पातळ असल्यामुळे मजकुरात 'गॉडफ्रीचं कॉर्डियल' ठेवून टिपेत बाळगोळीचा दाखला द्यावा हे बरं.

घात कुठे व्हायचा तेही टिपेत हवं. प्रत्येक औषधविक्या आपापल्या मापाने ते बनवी, त्यामुळे एका दुकानातला नेहमीचा डोस दुसऱ्या दुकानातल्या बाटलीतून जीवघेणा ठरे. अफूचा गाळ तळाशी बसतो, बाटली हलवली नाही तर वरचे डोस सौम्य आणि शेवटचे कडक. आणि गुंगीतलं मूल भुकेने रडत नाही. अंगावर पीत नाही, हळूहळू खंगत जातं. मृत्यूच्या दाखल्यावर मग अफूचं नाव येतच नाही.

कोशकिडा:
लॉडनमबद्दल. 'अर्क' शब्दात मराठीत भट्टी लावून ऊर्ध्वपातन केल्याचा भास आहे, ओव्याचा अर्क तसा. लॉडनम म्हणजे अफू मद्यार्कात भिजवून काढलेलं टिंक्चर. 'लॉडनम' ठेवून एकदा 'अफूचं टिंक्चर' सांगा. वहीत 'पॅरेगोरिक' आलं तर त्यालाही 'अफूचं टिंक्चर' म्हणून मोकळं होऊ नका. ते कापूर घातलेलं आणि कित्येक पटींनी सौम्य. या दोघांत अदलाबदल झाली की माणूस दगावे.

'एलिक्सिर' भेटलं तर मात्र खुशाल 'अक्सीर'कडे वळा. दोन्ही एकाच अरबी शब्दाची पोरं.

खलबत्ता:
क्लोरोडाइन हे नाव की प्रकार?

दीड पेनी:
आधी नाव, मग प्रकार. जॉन कॉलिस ब्राउन या लष्करी डॉक्टरने हिंदुस्थानातल्या नोकरीत १८४८ मध्ये पटकीवर ते काढलं आणि १८५६ मध्ये डेव्हनपोर्ट नावाच्या औषधविक्याला विक्रीचा हक्क दिला. क्लोरोफॉर्म, मॉर्फिन, भांगेचं टिंक्चर, वर पेपरमिंट. नक्कल इतकी झाली की १८६४ मध्ये फ्रीमनविरुद्धचा खटला कोर्टात गाजला. वहीत 'डॉ. ब्राउनचं' असेल तर नाव धरा, नुसतं 'क्लोरोडाइनचे २० थेंब' असेल तर कुठल्याही दुकानाचं.

तव्यावरची अळशी:
पोल्टिस म्हणजेच आपलं पोटीस! तोच इंग्रजी शब्द मराठीत रुळला आहे, त्याला 'लेप' करून मागे का ढकलायचं? लेप अंगावर वाळू देतात, पोटीस ओलं आणि गरम असतानाच काम करतं.

अळशीच्या पोटिसाचं प्रमाण ४ औंस पिठाला १० द्रव औंस उकळतं पाणी. आधी पाणी, मग त्यात ढवळत थोडं थोडं पीठ. उलट केलं तर गुठळ्या होतात आणि त्यांच्या आतलं कोरडं पीठ गरम राहत नाही. कापडावर बोटभर जाड पसरायचं, कडा आत दुमडायच्या, हाताच्या पाठीला सोसेल इतकं झाल्यावर लावायचं आणि गार व्हायच्या आत बदलायचं.

'मस्टर्ड प्लास्टर'ला 'मोहरीचा लेप' ठीक. कृतीत 'कोमट पाणी' असेल तिथे 'गरम' लिहू नका. मोहरीतला झणझणीतपणा तिच्यातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतो, उकळत्या पाण्याने ते विकर मरतं आणि लेप नुसता पिठाचा गोळा उरतो. व्हिनेगरनेही जोर कमी होतो. मोठ्या माणसाला १ भाग मोहरी, ४ भाग गव्हाचं पीठ. मुलांना मोहरी निम्मी. कातडी लाल झाली की काढायचा, साधारण १०-१५ मिनिटांत. झोपेत राहून गेला तर फोड येतात.

तोळामासा:
'निळी गोळी' वाचून आजचा वाचक भलतंच समजेल. 'पाऱ्याची गोळी' म्हणा, तिच्यात वजनाचा तिसरा हिस्सा पाराच असे. 'कॅलोमेल' या पाऱ्याच्याच दुसऱ्या औषधाला 'रसकापूर' टाळा. तो शब्द मराठीत कॅलोमेललाही वापरतात आणि जहाल मर्क्युरिक क्लोराइडच्या मिश्रणालाही. कॅलोमेलच राहू द्या. हिरड्या सुजून लाळ गळू लागली की 'औषध लागू पडलं' असं मानत, ती खरं तर पाऱ्याची विषबाधा.

खलबत्ता:
त्याच पानावर 'रात्री ब्लू पिल, सकाळी ब्लॅक ड्राफ्ट' आहे. 'काळा काढा' करू?

शेपू:
'काळा' ठीक, 'काढा' नको. ब्लॅक ड्राफ्ट म्हणजे सोनामुखीच्या पानांवर उकळतं पाणी ओतून, झाकून, गाळून घेतलेलं पाणी आणि त्यात एप्सम सॉल्ट. पानं चुलीवर उकळत नाहीत, म्हणून वैद्यकातला 'फांट' हा शब्द नेमका बसतो. रात्रीचा पारा पोटात रेंगाळू नये म्हणून सकाळी हा जुलाब. मात्र सोनामुखीने पोटात मुरडा येतो, त्यावर कृतीत सुंठ किंवा वेलदोडा असेल. तो 'चवीपुरता' म्हणून अनुवादातून गाळू नका.