मदत हवी आहे: लाइट गेली की राउटर कोरा!

हिंगणा_युनिट: आज तिसऱ्यांदा. लाइट गेली, आली, की सगळं कॉन्फिग (राउटरची सेटिंग) गायब. दर वेळी सेव्ह केलं होतं. एनव्हीरॅम (वीज गेली तरी सेटिंग जपणारी मेमरी) गेली असेल तर नागपुरात कुठे मिळेल? डिस्पॅच अडला आहे, लवकर सांगा.

सदरकर: मॉडेल? सेव्ह म्हणजे नेमकी कोणती कमांड?

संत्रानगरी४४: चांगला यूपीएस घ्या भाऊ. उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर बसतात. मी दोन बदलल्या.

हिंगणा_युनिट: सिस्को १९४१. राइट मेमरी (कॉन्फिग एनव्हीरॅममध्ये सेव्ह करायची कमांड) दिली, ओके आलं. यूपीएसचं मी विचारलंच नाही.

जुना_केबलवाला: वीस वर्षं हेच करून राहिलो. सेव्ह झालंच नसेल. रनिंग-कॉन्फिग, म्हणजे आत्ता चालू असलेलं, रॅममध्ये असतं, वीज गेली की गेलं.

सदरकर: ओके आलं म्हणून सांगून राहिले ना ते! एनव्हीरॅमला दोष द्यायच्या आधी शो स्टार्टअप-कॉन्फिग (सेव्ह झालेलं कॉन्फिग दाखवणारी कमांड) मारून बघा, शो व्हर्जन कमांडची शेवटची ओळ इथे टाका. आणि आत्ता राइट मेमरी अजिबात मारू नका, चांगल्या कॉन्फिगवर कोरं चढेल.



 

हिंगणा_युनिट: स्टार्टअपमध्ये सगळं आहे! शो व्हर्जनच्या शेवटी ०एक्स२१४२ दिसतं. मागच्या महिन्यात पासवर्ड विसरलो होतो, एकाने येऊन काढून दिला.

सदरकर: हे आधी सांगायला हवं होतं. पासवर्ड काढताना कॉन्फिग-रजिस्टर (राउटरने सुरू कसं व्हायचं ते ठरवणारा आकडा) २१४२ करतात, म्हणजे सुरू होताना राउटर एनव्हीरॅममधलं कॉन्फिग वाचतच नाही. ते परत फिरवायचं राहिलं. एनव्हीरॅम ठणठणीत आहे. इनेबल मोडमध्ये (जिथे सगळ्या कमांड चालतात) जाऊन कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग करा. इंटरफेस (पोर्ट) बंदच राहतील, लागतात तेवढे चालू करायला त्यांवर नो शटडाउन द्या. मग कॉन्फिग-रजिस्टर ०एक्स२१०२ (नेहमीचा आकडा) द्या आणि सगळं नीट दिसलं की राइट मेमरी.

जुना_केबलवाला: बरोबर आहे, रजिस्टर माझ्या डोक्यात आलं नाही. पण कॉन्फिगची एक प्रत टीएफटीपी सर्व्हरवर (नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर) ठेवाच.

संत्रानगरी४४: यूपीएस तरी बघाच.

हिंगणा_युनिट: चालू झालं, डिस्पॅच सुटला. खूप आभार सदरकर. आता शो व्हर्जनमध्ये पुढच्या रीलोडला (रीस्टार्टला) २१०२ होईल असं दिसतं. रात्रपाळी सुटली की रीलोड करून इथेच कळवतो.