बी विंगचा ग्रुप: आज लाइट नाही

सावंत (सेक्रेटरी), स. ६.४०
नमस्कार मंडळी. ट्रान्सफॉर्मरचं काम आहे, ८ ते ५ लाइट नाही. पंप साडेसातला बंद होणार, पाणी भरून घ्या. लिफ्ट अर्थातच नाही.

आपटे आजोबा ४०२, ६.५१
मी ट्रान्झिस्टर घेऊन खाली बाकावर बसतो. ६.५५ च्या संस्कृत बातम्या ऐकून उतरतो.

कुणाल ३०१, ८.२०
आजोबा, सगळी केंद्रं ॲपवर लागतात आता 😄

आपटे आजोबा, ८.२४
लागतात ना. तुझा मोबाइल किती टक्के?

कुणाल, ८.२५
१८ 😐

नेने काकू १०४, ९.१०
एरवी आमच्याकडे मुंबई केंद्र लावलं की नुसती खरखर. आज कसं एवढं स्वच्छ येतंय? खिडकीतून शब्दन्‌शब्द ऐकू येतोय.

आपटे आजोबा, ९.१८
मीडियम वेव्हला तुमचे एलईडी, चार्जर आणि लिफ्टची मोटर सोसत नाही. ते बंद, म्हणून हा सुरू. तरी खरखर झाली तर संच आडवा फिरवून बघा. आत फेराइटची कांडी असते, तिला दिशा लागते.

सावंत, ११.०५
खाली आठ-नऊ जण जमलेत. आधी खोडकिडीवर कोणीतरी बोलत होतं, आता गुडघेदुखी चाललीय. आपल्यात शेत कोणाचंच नाही, पण खोडकिडीलाही सगळे गप्प बसून होते.

नेने काकू, ११.१२
गुडघे मात्र सगळ्यांचे आहेत. मी पाट्यावर चटणी वाटतेय, आवाज जरा मोठा करा.

केळकर २०२, ११.४०
*फॉरवर्डेड:* आकाशवाणीची ती सकाळची धून पं. रविशंकर यांनी केली आहे. पुढे पाठवा 🙏

आपटे आजोबा, ११.५२
पुढे पाठवू नका. रविशंकर यांची ती दूरदर्शनची. आकाशवाणीची वॉल्टर कॉफमन यांची. ते १९३४ साली प्रागहून मुंबईला आलेले ज्यू संगीतकार.

केळकर, ११.५३
🙏 मला आलं तसं टाकलं

नेने काकू, दु. १.३०
आमच्या सासूबाईंना रेडिओवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ मालिकेची आठवण आली. टेकाडे भावजी सुरू झाले की आमटी उतू गेली तरी उठायच्या नाहीत.

देशपांडे मावशी ५०१, १.४४
बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी आणि नीलम प्रभू. तीन माणसांत अख्खं घर उभं राहायचं. मी थोडी वर्षं श्रुतिकांत लहानसहान कामं केलीत मुंबई केंद्रावर. कधी बोलले नाही ग्रुपवर.

कुणाल, १.४६
काय सांगता मावशी!! पाठांतर किती असायचं?

देशपांडे मावशी, २.०३
पाठांतर नाहीच, वाचूनच म्हणायचं. पण पान उलटल्याचा आवाज आला की टेक गेला. सुटे कागद अलगद बाजूला सारायचे. बांगड्या काढून पर्समध्ये. एकदा मी खळ घातलेली कॉटनची साडी नेसून गेले, तर इंजिनिअर म्हणाले, बाई, तुमची साडी जास्त बोलतेय. आणि “आले हं” स्वयंपाकघरातून म्हणायचं असेल तर दोन पावलं मागे सरून तोंड फिरवायचं, की झालं स्वयंपाकघर. घोडा म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या. आग लागली की सेलोफेनचा कागद चुरगाळायचा.

कुणाल, २.०५
मी खाली येतो

सावंत, ४.०५
श्रुतिका लागलीय. म्हातारा घरात एकटाच, कोणीतरी सारखी कडी वाजवतंय, हा उघडत नाही. मुलंसुद्धा खेळ थांबवून बसलीत. ग्रुपवर शांतता ठेवा, खाली मेसेजचे टुंग टुंग ऐकू येतात.

केळकर, ४.०६
ओके 👍

केळकर, ४.०६
सॉरी

सावंत, ४.३१
लाइट लवकर आली!! 🎉

आपटे आजोबा, ४.३२
लिफ्ट कोण चालवतंय?? म्हाताऱ्याने आत्ता कडी काढली आणि घर्रर्र

कुणाल, ४.३३
मी आहे आजोबा 🙈 चार्जर आणायला चाललो होतो. दारात कोण होतं?

आपटे आजोबा, ४.३६
तू तिसऱ्यावर पोचलास तेव्हा कलाकारांची नावं चालली होती.

देशपांडे मावशी, ४.४०
त्यातल्या एकीला मी ओळखते. रात्री फोन करून शेवट विचारते.