मदत हवी आहे: शाकाहारी घरात नात्तो कसा खायचा, कसा शिजवायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही जपानमध्ये इबाराकी प्रांतात राहतो. मितो इथून जवळ, त्यामुळे नात्तोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, माहेरघरातच आहोत म्हणायला हरकत नाही. दुकानात नात्तोची एक आख्खी फळी असते: बारीक दाण्यांचा, टपोऱ्या दाण्यांचा, काळ्या सोयाबीनचा, भरडलेल्या दाण्यांचा हिकिवारी. आमच्या मुलाला पाळणाघरातल्या जेवणात नात्तो मिळतो आणि तो घरीही रोज मागतो. मी आणि नवरा शाकाहारी आहोत, अंडं चालतं. एकट्या मुलाच्या ताटात डबी उघडून द्यायची, असं मला नको आहे. हा पदार्थ आमच्या सगळ्यांच्या जेवणात यावा, अशी मनापासून इच्छा आहे. तीन डब्यांचा जुडगा साधारण शंभर-दीडशे येनला येतो आणि एका डबीत सुमारे 7 ग्रॅम प्रथिनं असतात. इथे शाकाहारी माणसाला याहून स्वस्त आणि चांगलं काय मिळणार?

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भिजवून वाफवलेल्या सोयाबीनला बॅसिलस सबटिलिस या जिवाणूची एक जात लावतात आणि साधारण 40 अंशांवर जवळपास एक दिवस उबवतात. नंतर तो थंडीत मुरू देतात. पूर्वी उकडलेले दाणे भाताच्या पेंढ्यात बांधून ठेवायचे, कारण हे जिवाणू पेंढ्यावर आपसूकच असतात. मितोला आजही पेंढ्यातला नात्तो मिळतो. दाणे ढवळले की तार सुटते, अगदी भरपूर. वास उग्र असतो, थोडा अमोनियासारखा.

न शिजवता खाण्यापर्यंत आमची गाडी आली आहे. गरम भातावर नात्तो, सोया सॉस, बारीक चिरलेली कांद्याची पात, पाकिटातली मोहरीची पेस्ट. भेंडी मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं उकडून, चकत्या करून त्यात मिसळली तर फारच छान लागते. आपण भेंडीची तार जावी म्हणून आमसूल घालतो, इथे तीच तार आवडीने खातात. सुरुवातीला हे पचनी पडत नव्हतं, आता मला स्वतःला आवडू लागलं आहे.

अडचण शिजवण्याची आहे. कांदा-टोमॅटोच्या फोडणीत नात्तो थेट टाकून परतला तर वास घरभर पसरतो आणि तारही पूर्ण जात नाही. मग मला विचारायचं आहे ते असं:

डबीतल्या सॉसच्या पुडीवर कात्सुओ या माशाचा अर्क लिहिलेला असतो. तुम्ही त्याऐवजी काय घालता?

गरम पदार्थात नात्तो केव्हा आणि कसा घालावा?

आपल्या पदार्थांत कोणी बसवला आहे का? थालीपीठ, धिरडं, आमटी, काहीही.

आणखी एक. पुढच्या महिन्यात सासूबाई आणि सासरे येत आहेत. सासऱ्यांना नवीन पदार्थ चाखायची फार हौस आहे. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, बाकी तब्येत उत्तम. त्यांना आवडेल असा सौम्य प्रकार सुचवा.

प्रतिसाद, ओसाकाहून

ताई, आमच्याकडे कान्साईत नात्तो खाणारे पूर्वीपासून कमीच, पण मी पक्की खाणारी आहे.

सॉसची पुडी सरळ बाजूला ठेवा. 'कोम्बू' (एक समुद्री शेवाळ) लिहिलेल्या पुडीतही बरेचदा माशाचा अर्क असतो, म्हणून मागची यादी वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका. घरीच करून ठेवा: सोया सॉस, त्याच्या निम्मं मिरिन (तांदळाचं गोडसर स्वयंपाकाचं मद्य), कोम्बूचा एक तुकडा आणि एक सुकी शिताके अळिंबी. एक उकळी काढायची, गार करून बाटलीत भरायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. माशाची आठवणही येत नाही.

ढवळताना आधी काहीही घालायचं नाही. नुसते दाणे फेसाळेपर्यंत ढवळायचे आणि मग सॉस थोडा थोडा घालायचा. आधीच ओतला तर पातळ होतो आणि दाण्यांवर फेस नीट धरत नाही. वासाचा त्रास असेल तर अर्धा चमचा तांदळाचं व्हिनेगर घालून पुन्हा ढवळा. अमोनियाचा वास दबतो आणि नात्तो पांढरा, हलका होतो. लिंबानेही काम होतं. डबी जितकी जुनी तितका वास जास्त, तेव्हा शिजवायला ताजी घ्या. जुन्या डबीत कधी दाताखाली रेतीसारखं कचकचतं, ते टायरोसिनचे स्फटिक असतात. खराब झालेला नसतो, पण मजा जाते.

सासू-सासऱ्यांसाठी माझ्या मते आबुरागे उत्तम. टोफूचा तळलेला चौकोन मधून कापला की पिशवी होते. तिच्यात हिकिवारी, कांद्याची पात, आलं आणि हवं तर चीज भरायचं, टूथपिकने तोंड बंद करायचं आणि तेल न घालता तव्यावर दोन्हीकडून खरपूस भाजायचं. दाणे आत बंद राहतात, त्यामुळे घरात वास सुटत नाही. कापलं की तार दिसते, पण चावताना कुरकुरीतपणाच लक्षात राहतो.

प्रतिसाद, यामागाताहून

शिजवण्याबद्दल सांगतो, कारण आमच्या बर्फाच्या मुलखात नात्तोचं सूपच करतात, नात्तो-जिरु. 7 जानेवारीला तर हमखास. त्यात मुळा, गाजर, अळिंबी, टोफू, कोन्याकू (एका कंदाची जेलीसारखी वडी) आणि वाळवलेले अळूचे देठ असतात. आपल्या अळूच्या फदफद्यातले देठ आठवा, तेच कूळ. माझी बायको कोकणातली, तिला हे पहिल्याच घासाला घरचं वाटलं.

कृतीतली खरी गोष्ट अशी, की नात्तो आधी खरबरीत खलात वाटून त्याची पेस्ट करतात आणि ती अगदी शेवटी घालतात. भाज्या कोम्बूच्या पाण्यात शिजल्या, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) विरघळला, की नात्तोची पेस्ट घालायची, एकदा ढवळायचं आणि उकळी फुटायच्या आत गॅस बंद. खळाखळा उकळला की वास वर येतो. वाटल्यामुळे तार सुटी न राहता सगळं सूप दाटसर होतं. खल नसेल तर हिकिवारी सुरीने आणखी बारीक करा.

घाईच्या दिवशी हिप्पारी उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्स. उदोनचं पातेलं टेबलावर ठेवायचं आणि प्रत्येकाने आपल्या वाटीतल्या नात्तो, सोया सॉस आणि पातीच्या मिश्रणात गरम उदोन ओढून घ्यायचे. इथले लोक त्यात डबाबंद बांगड्याच्या जातीचा मासा घालतात, आम्ही त्याऐवजी अंडं आणि भाजलेल्या तिळाचं कूट घालतो. मुलांना हा खेळच वाटतो.

प्रतिसाद, शिलाँगहून

तुम्ही जपानकडे पाहून शिजवायला जाताय, म्हणून अडताय. अशाच जिवाणूंनी आंबवलेलं सोयाबीन आपल्या ईशान्येत घरोघरी होतं आणि ते बहुतेक शिजवूनच खातात. सिक्कीम आणि दार्जिलिंगकडे किनेमा, मेघालयात तुंगरिम्बाई, मणिपुरात हवाइजार, मिझोराममध्ये बेकांग, नागालँडमध्ये अखुनी. नोकरीनिमित्त इकडे आल्यापासून मी हे सगळं चवीने खाते आणि ते महाराष्ट्रात फारसं कोणाला ठाऊक नाही याची हळहळ वाटते.

किनेमाची रस्साभाजी तुमच्या नात्तोची करून पाहा. दोन डब्या नात्तो गाळणीत घेऊन कोमट पाण्याखाली हलवा, बरीचशी तार निघून जाईल. निथळू द्या. तेलात कांदा चांगला तांबूस करा, आलं-लसूण घाला, मग नात्तो घालून कोरडा होईपर्यंत मोठ्या आचेवर परता. हीच पायरी तुमच्याकडे राहते आहे. आधी टोमॅटो घातला की दाणे ओलेच राहतात, तार सुटत राहते आणि वासही. दाणे कोरडे, खमंग झाले की हळद, हिरवी मिरची, टोमॅटो, मीठ. टोमॅटो विरघळला की वाटीभर पाणी, एक उकळी, वरून कोथिंबीर. भाताबरोबर खा.

तुंगरिम्बाईत काळे तीळ वाटून घालतात, बरोबर भरपूर आलं. बहुतेक घरी डुकराचं मांस असतं, पण त्याशिवायही करतात. तीळ भाजून वाटले की आंबलेल्या सोयाबीनचा उग्रपणा मवाळ होतो. तुमच्याकडे काळे तीळ सहज मिळतील.

प्रतिसाद, पुण्याहून

पाककृती बाजूला ठेवून एक महत्त्वाचं लिहिते. मी औषधशास्त्र शिकवते. झडप बदललेल्या बऱ्याच रुग्णांना रक्ताची गुठळी होऊ न देणारं वॉर्फरिन किंवा त्याच गटातलं अ‍ॅसिनोकुमारॉल चालू असतं, विशेषतः झडप धातूची असेल तर. सासरे यातलं काही घेत असतील तर त्यांना नात्तो चाखायलासुद्धा देऊ नका. नात्तोत के-2 जीवनसत्त्व प्रचंड असतं आणि ते या औषधाच्या नेमकं उलट काम करतं. झडपेवर गुठळी होण्याचा धोका असतो. एकदा खाल्ल्याचा परिणाम काही दिवस टिकू शकतो. शिजवल्याने के-2 नष्ट होत नाही, धुतल्यानेही धोका टळत नाही. जपानमध्ये वॉर्फरिन देताना नात्तो खाऊ नका असं सांगतातच. भारतात हा पदार्थ माहीत नसल्याने डॉक्टर कदाचित बोलले नसतील.

नात्तोतलं नात्तोकायनेज रक्ताच्या गुठळ्या विरघळवतं, असं वाचून कोणी उलट निष्कर्ष काढेल, म्हणून तेही लिहिते. त्याच्या भरवशावर या रुग्णांना नात्तो देणं घातक आहे. औषधाचं नाव विचारा आणि त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या. मिसो, टोफू मात्र माफक प्रमाणात सहसा चालतं, तेही विचारूनच.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या ताई, लगेच फोन केला. सासऱ्यांना अ‍ॅसिनोकुमारॉलच चालू आहे. तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्यांना पहिल्याच दिवशी वाढला असता. आता त्यांच्यासाठी आबुरागेत टोफू, मटार आणि आलं भरणार आहे. त्यांचं ताट आणि झारे वेगळे ठेवीन, सासूबाईंना सांगूनही ठेवलं आहे.

शिलाँगची रस्साभाजी काल केली. कोरडं परतणं हेच खरं. दाणे वालासारखे खमंग झाले, नवऱ्याने दोनदा भात घेतला. खिडकी उघडी ठेवली होती, पण शेवटी वास फोडणीचाच राहिला. परतलेले दाणे थोडे बाजूला काढून आज थालीपिठात घातले: ज्वारीचं पीठ इथे मिळत नाही, म्हणून कणीक, बेसन आणि तांदळाचं पीठ, कांदा, तीळ, ओवा. चव छान आली. एक थालीपीठ न धुतलेला हिकिवारी मळून केलं, तर पीठ इतकं छान बांधलं गेलं की थापताना कडा फाटल्या नाहीत. मुलाला तेच जास्त आवडलं, वास मात्र त्या थालीपिठालाच जास्त.

भांड्यांचंही लिहून ठेवते, कोणाला उपयोग होईल. चिकट वाटी आधी पाण्यात भिजत ठेवून हाताने विसळायची, मगच घासणी लावायची. नाहीतर तार घासणीत बसते आणि बाकी सगळ्या भांड्यांना लागते.

आता एकच विचारायचं राहिलं. नवऱ्याला हे थालीपीठ ऑफिसच्या डब्यात हवं आहे. गार झाल्यावर वास पुन्हा वर येतो का? कोणी डब्यात नेलं असेल तर बरोबर काय द्यावं, लिंबाचं लोणचं की दही, तेही सांगा.