मांजर लंगडतंय? घरातली गोळी देऊ नका
बोका कालपासून पुढचा पाय टेकवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर एकांनी पाव गोळी पॅरासिटामॉल सुचवलंय. कृपा करून ती देऊ नका! मांजराच्या यकृताला हे औषध नीट पचवता येत नाही. रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. माणसांची 500 मिलिग्रॅमची एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनही तितकंच वाईट.

बाहेर हिंडणारा बोका असेल तर मला आधी भांडणातल्या चाव्याची शंका येते. दाताचं भोक इतकं बारीक असतं की कातडी वरून मिटते आणि आत पू धरतो. आमच्या बोक्याच्या खांद्यावर तिसऱ्या दिवशी गरम गाठ हाताला लागली, तोवर आम्हाला पाय मुरगळल्यासारखाच वाटत होता. डॉक्टरांनी पू काढला, अँटिबायोटिक दिलं. म्हणून केस बाजूला सारून खपली शोधा. बोटांच्या मधे, नखांपाशीही बघा. म्हाताऱ्या मांजराचं नख वळून पंजाच्या मऊ गादीत रुततं. दुखतंय तिथे दाबू मात्र नका.

पाय अजिबात टेकवत नसेल किंवा खाणं सोडलं असेल तर आजच दवाखाना गाठा. आणि मागचे पाय एकाएकी लुळे, गार पडले, मांजर कळवळून ओरडू लागलं, तर रात्र असली तरी थांबू नका. हृदयविकारात रक्ताची गुठळी अडकून असं होतं.

ताप आहे का त्याला? जेवतोय का? कळवा.