विषय: एजंट बदलल्यावर पहिल्यालाही फी द्यावी लागते का?

प्रेषक: मंदार, स्लाऊ

नमस्कार मंडळी,

आमचे घर विकण्याचे प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहेच, त्यामुळे थेट अडचण सांगतो. जुलैत पहिल्या एजंटाचा करार रीतसर नोटीस देऊन संपवला आणि दुसऱ्याकडे घर दिले. सप्टेंबरमध्ये एका जोडप्याची ऑफर आली, साडेचार लाख पौंड, आम्ही होकार दिला. आता पहिल्या एजंटाचे पत्र आले आहे की या जोडप्याला मे महिन्यात आम्हीच घर दाखवले होते, म्हणून एक्स्चेंज (विक्रीच्या करारांची देवाणघेवाण) झाल्यावर आमचे १.२ टक्के आणि व्हॅट मिळून ६,४८० पौंड द्यावेत. दुसऱ्याचे १.४ टक्के व्हॅटसह ७,५६० होतात. म्हणजे एका घरासाठी १४,०४० पौंड! एक्स्चेंज दोन-तीन आठवड्यांवर आले आहे. कोणाला असा अनुभव असल्यास कृपया लवकर कळवावे.

मंदार

---

प्रेषक: सुलभा, रेडिंग

मंदार,

मूळ करार काढून आधी तो कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा, कारण बाकीचे सगळे त्यावर ठरते. सोल एजन्सी असेल, तर त्या मुदतीत त्यांनी आणलेल्या किंवा ज्याच्याशी त्यांनी बोलणी केली अशा ग्राहकाशी व्यवहार झाल्यास फी लागते. सोल सेलिंग राइट्स असेल, तर त्या मुदतीत तुम्ही स्वतः शेजाऱ्याला घर विकले तरी लागते. या शब्दांचा अर्थ करारात ठरावीक भाषेत समजावून सांगणे ब्रिटनमधील १९९१ च्या नियमांनुसार एजंटावर बंधनकारक आहे.

नुसते घर दाखवले म्हणजे फी पक्की झाली, असे मात्र नाही. २००८ मध्ये फॉक्सटन्स विरुद्ध पेल्की-बिकनेल या खटल्यात अपील न्यायालयासमोर जवळपास हेच होते: फॉक्सटन्स या एजंट कंपनीने एका बाईंना घर दाखवले, त्यांनी तेव्हा घेतले नाही, आणि पुढे त्यांनीच ते हॅम्पटन्स या दुसऱ्या एजंटामार्फत घेतले. फॉक्सटन्सला कमिशन मिळाले नाही. ग्राहकाला घराशी नव्हे, तर खरेदीशी जोडून दिलेले असावे लागते, असे न्यायालयाने म्हटले. अर्थात तुमच्या करारातील वाक्ये वेगळी असू शकतात, म्हणून ते वाक्य जसेच्या तसे इथे उतरवून पाठवा, सारांश नको.

सुलभा

---

प्रेषक: अण्णा, हॅरो

चि. मंदार,

सुलभाताईंचे कायद्याचे ज्ञान आपल्या सर्वांनाच परिचित आहे, परंतु मंडळाची ही ईमेल यादी सुरू झाली तेव्हापासून मी सांगत आलो आहे की एजंटांच्या भांडणात घरमालकाने वकिलासारखे उभे राहू नये. आमचे पहिले घर विकताना असाच पेच पडला होता. दोन्ही एजंटांची दुकाने एकाच हाय स्ट्रीटवर, आमनेसामने होती. मी दोघांना एकाच दिवशी फोन करून सांगितले की मी एकच फी देणार, वाटणी तुम्ही आपसांत करा. थोडी कुरकुर करून त्यांनी ती केली. पुण्यातही दोन दलाल मध्ये आले की तेच होते, फक्त तिथे विकणारा आणि घेणारा अशा दोघांकडून घेतात. गोडीत विचारून पाहण्यास काय हरकत आहे?

अण्णा

---

प्रेषक: विवेक, क्रॉयडन

अण्णा, नमस्कार.

वाटणी झाली तर उत्तमच, पण ती दोघांच्या मर्जीवर असते. एकाने नकार दिला तर मालक त्याला भाग पाडू शकत नाही, आणि तोवर एक्स्चेंज होऊन गेलेले असते. शिवाय मंदारने आत्ताच एकच फी देतो असे लेखी लिहिले, तर पहिला एजंट त्यालाच दावा मान्य केल्याचा पुरावा म्हणून पुढे करेल. हॅरोमधला तो काळ वेगळा होता, हे सन्मानपूर्वक सांगतो.

पहिल्या एजंटाने सही घेण्यापूर्वी फी किती आणि केव्हा देय होईल हे लेखी दिले होते का, हेही बघावे. १९७९ च्या इस्टेट एजंट्स ॲक्टप्रमाणे ते दिले नसेल, तर न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्याला वसुली करता येत नाही. २०१९ च्या वेल्स विरुद्ध देवानी खटल्यात सुप्रीम कोर्टाने फोनवर ठरलेले कमिशन मान्य केले, पण कागदपत्र वेळेवर न दिल्याबद्दल खालच्या न्यायाधीशांनी केलेली एक तृतीयांश कपात कायम राहिली.

विवेक

---

प्रेषक: सचिव

सर्व सभासदांस,

ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे, याची नम्र आठवण करून देते. शिवाय आपल्या दिवाळी अंकाला जाहिरात देणाऱ्यांत एक इस्टेट एजंटही आहेत, तेव्हा कोणीही मंदारच्या एजंटांची नावे इथे लिहू नयेत.

एवढे सांगून झाल्यावर माझेही दोन शब्द. दुसऱ्या एजंटाला तुम्ही मोकळे का सोडले आहे, हे मला समजत नाही. आधी कोणाकडे घर होते हे विचारून दुहेरी फीचा धोका मालकाला समजावणे हे त्याचे काम आहे. घर विक्रीसाठी हाती घेतले तेव्हा त्याने विचारले होते का?

सचिव

---

प्रेषक: मंदार, स्लाऊ

सचिवताई, क्षमस्व, पण प्रसंगच तसा आहे.

दुसऱ्याने काहीही विचारले नव्हते. करार सोल एजन्सीचा असून त्यात "आम्ही आणलेला ग्राहक" एवढेच शब्द आहेत. करार संपवताना पहिल्याने आपण आणलेल्या ग्राहकांची कोणतीही यादी पाठवली नाही, ती काल आली, आणि त्यात या जोडप्यासमोर फक्त व्ह्यूइंगची (घर दाखवल्याची) तारीख आहे, ऑफरचा रकाना रिकामा. त्यांचा स्वतःचा फ्लॅट तेव्हा विकला गेला नव्हता. ऑगस्टमध्ये आम्ही किंमत कमी केल्यावर त्यांनी राइटमूव्ह या घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावरून दुसऱ्याकडे नव्याने चौकशी केली, त्याचा ईमेल दुसऱ्याकडे आहे. अण्णा, गोडीत विचारून झाले आहे, पहिला ऐकत नाही.

आमचा सॉलिसिटर (घरविक्रीचे काम पाहणारा वकील) पैसे आल्यावर थेट पहिल्यालाच देऊन टाकेल, ही भीती आहे.

मंदार

---

प्रेषक: सुलभा, रेडिंग

मंदार,

सॉलिसिटर एजंटाचे बिल तुमच्या संमतीनेच भागवतो. आजच त्याला लिहा की दुसऱ्याची फी द्यावी, पहिल्याचा दावा वादग्रस्त असल्याने माझ्या लेखी सूचनेशिवाय त्याला काही देऊ नये. पूर्णत्वाच्या (कम्प्लीशनच्या), म्हणजे पैसे आणि ताबा देण्याच्या दिवशी एजंट फोन करून घाई करतात, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो.

पहिल्याला रीतसर तक्रार पाठवा आणि तिला तक्रार असेच म्हणा. आठ आठवड्यांत अंतिम उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर तो ज्या तक्रार निवारण योजनेचा सभासद आहे तिच्याकडे विनामूल्य जाता येते. अशीच एक योजना असलेल्या प्रॉपर्टी ऑम्बुड्समनच्या आचारसंहितेत दुसरा एजंट मध्ये असल्यास करार संपल्यापासून सहा महिन्यांपर्यंत पहिल्याचा दावा टिकू शकतो, म्हणून तारखेवर भिस्त ठेवू नका. तुमचा भर व्ह्यूइंगनंतर त्याने पाठपुरावा केला की नाही यावर हवा. मे ते जुलै त्याने त्या जोडप्याला किती वेळा फोन केला, याची नोंद मागा. तो न्यायालयात गेलाच, तर रक्कम दहा हजारांच्या आत असल्याने प्रकरण स्मॉल क्लेम्समध्येच (लहान रकमांच्या दाव्यांत) बसेल.

विवेक, तुझा १९७९ च्या कायद्याचा मुद्दा बरोबर आहे, पण मंदारने सही केली तेव्हा फी करारातच छापलेली असणार, तेव्हा त्यावर फार वेळ घालवू नये.

मसुदा तयार झाला की मला वेगळ्या ईमेलवर पाठवा, म्हणजे सचिवताईंनाही त्रास नको. आणि दुसऱ्याकडचा राइटमूव्हचा तो ईमेल एक्स्चेंजच्या आधी स्वतःच्या ताब्यात घ्या. त्याची फी एकदा मिळाली की तो शोधून देण्याची त्याला घाई राहणार नाही.

सुलभा